माणूस निघालाय

१

धामणकर नाक्यावर गाद्यांच्या एका दुकानाच्या माथ्यावर एक खोली आहे. जिना बाहेरून, लोखंडी. आत एक टेबल, एक संगणक, भिंतीला लावलेलं बाकडं आणि खिडकीतून दिवसभर येणारी यंत्रमागांची खटखट. या खोलीला सगळे ‘कंट्रोल’ म्हणायचे, जणू इथून एखादं धरण चालतं. चालायचे ते फक्त गार्ड. भिवंडीभर पसरलेल्या गोदामांच्या फाटकांवर खुर्ची टाकून बसलेली ती माणसं, आणि दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवायला एकटी धम्मदिना.

बी. कॉम. झाल्यावर वर्षभर घरी बसून काढल्यावर ही नोकरी मिळाली होती. काम म्हटलं तर सोपं. तासातासाला सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर घ्यायचं. पडद्यावर काडेपेटीएवढ्या चौकटी उमटायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक तोंड. गार्डनं आधी चेहरा दाखवायचा, मग छातीवरचा बिल्ला, मग फोन हातात धरून जागच्या जागी एक पूर्ण वळसा घ्यायचा, म्हणजे फाटक, कुलूप, शटर सगळं दिसतं. याला ते ‘गोल मारणं’ म्हणत. सगळ्यांचे गोल एकदम सुरू झाले की धम्मदिनाला गरगरायचं. मग एकेक चौकट विझायची आणि खोलीत पुन्हा ती आणि मागांची खटखट.

कॉलेजातल्या मैत्रिणी कुणी ठाण्याला, कुणी पुण्याला. कामतघरला घरी पोचेपर्यंत आई, द्रौपदीबाई, दमून आडवी झालेली असायची. दिवसभरात धम्मदिना ज्यांच्याशी बोलायची त्यातल्या एकाही माणसाला तिनं कधी समोर पाहिलं नव्हतं. ते कुणी पुढ्यात येऊन उभे राहिले तर आपल्याला ओळखू तरी येतील का, असं तिला वाटायचं.

स्वभाव भित्रा. कुकरची शिट्टी झाली तरी हात छातीवर जायचा. घरात भुताखेतांना थारा नव्हता. डोळ्यांनी दिसेल आणि बुद्धीला पटेल तेवढंच खरं, हे वडिलांनी ती शाळेत असतानाच सांगून ठेवलं होतं आणि तिलाही ते पटलेलं होतं. पण मन मानत नसलं तरी अंग दचकायचंच. एजन्सीचा सुपरवायझर नरेंद्र तिची यावरून चेष्टा करायचा. म्हणायचा, सिक्युरिटीच्या धंद्यात पालीला घाबरणारी पोरगी ठेवलीय मी, गोदामवाल्या पार्टीला कळलं तर काँट्रॅक्ट जाईल.

याच नरेंद्रनं तिला पहिल्या दिवशी या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली होती. गार्ड कायम कमी असायचे. कुणाचा रिलिव्हर, म्हणजे पाळी संपल्यावरची बदली, यायचा नाही, कुणाला जोडीदार हवा असायचा. त्यांनी विचारलं की काय सांगायचं?

“माणूस नाही, असं कधी बोलायचं नाही. ‘निघालाय’ बोलायचं. आशेवर माणूस दिवसभर बसतो, धम्मा. नाही बोललीस की उठला आणि गेला.”

सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. मग ‘नमस्कार’ म्हणावं तसं ते सहज जायला लागलं. माणूस निघालाय.

२

कशेळीला खाडीच्या अंगाला एक गोदाम रिकामं पडलं होतं. भाडेकरू सोडून गेला होता आणि मालकाला भीती एवढीच की शटरच्या मोटरी कुणी काढून नेईल. म्हणून तिथं दिवसपाळीला एक गार्ड, जान्या. डोंगराकडच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, खारकेसारखा सुकलेला माणूस. हमरस्त्यावर ट्रकांची रांग हलत नसायची, पण गोदामाची गल्ली आत वळलेली, तिच्यात कुत्रंही फिरकायचं नाही.

जान्या बोलका. तासाचा कॉल संपला तरी त्याची चौकट विझायची नाही. म्याडम, जेवलात का, इथपासून सुरुवात व्हायची. मग पाड्यावरची भातं कशी आलीत, बायको कशी कंदमुळं उकडते, थोरलीच्या लग्नात तारपा वाजवणारा कसा पिऊन पडला. धम्मदिना एरवी कुणाशी दोन वाक्यांवर बोलायची नाही, पण जान्याकाकांचं ऐकत बसायची. आणि शेवटी त्याचं एकच मागणं असायचं.

“म्याडम, कोनी दुसरा मानूस द्या न हिथं. काम कायच न्हाय, पन येकट्यानं जीव खातो. आमी पाड्यावं येकटं ऱ्हायलेलो न्हाय कदी. बोलाया न्हाय तं न्हाय, नुस्तं शेजारी बसंल असं कोनतरी.”

“निघालाय, काका. माणूस निघालाय.”

“खरं?”

“खरंच.”

जान्या मान डोलवायचा आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायचा. त्याचं ते बघणं चौकटीत दिसायचं. ते तिला आवडायचं नाही, म्हणून ती नेमका त्याच वेळी कॉल बंद करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जान्या कधी चिडला नाही, की काल का आला नाही असं विचारलंही नाही. फक्त वाट बघायचा.

३

त्या दुपारी उन्हानं गाद्यांच्या दुकानाचे पत्रे तापले होते. तासाचा कॉल झाला. ओमकारनं पडघ्याचा गोल मारला, लेडीज चेकिंगच्या फाटकावरच्या ठकीबाईनं मारला, बाकीच्यांनी मारले. चौकटी विझल्या. जान्याची तेवढी राहिली.

जान्या उभ्याउभ्या तंबाखू मळत होता. डाव्या तळहातावर चुना लावून उजव्या अंगठ्यानं रगडत होता आणि पाड्यावरच्या कुठल्याशा भांडणाची हकिगत सांगत होता. धम्मदिना हसत ऐकत होती. हसता हसता तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात तंबाखूवर होते.

मग फोन?

पिंपावर ठेवला असेल. फाटकाजवळ पाण्याचं निळं पिंप होतं, गोलात रोज दिसायचं. ती पुन्हा ऐकायला लागली. पण पिंप कमरेएवढं आणि चित्र जान्याच्या चेहऱ्याच्या बरोबरीनं होतं. शिवाय ते अगदी स्थिर नव्हतं. अंमळ वर, अंमळ खाली, वर, खाली, असं हलत होतं. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं.

बोलता बोलता जान्या वळला, तंबाखू मळत मळतच शटरकडे चालत गेला. चित्र त्याच्यामागून गेलं. दोन पावलं अंतर ठेवून, न धडपडता. जान्यानं तंबाखूवर थाप मारली आणि त्या आवाजासरशी चित्र दचकलं.

धम्मदिनाचा हात छातीवर गेला. असं दचकणं तिच्या ओळखीचं होतं.

तिनं स्वतःला समजावलं. असेल कुणीतरी. ट्रकवाला क्लीनर, खाडीवरचा कोळी, चहावाला. बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही असा नियम होता, पण तो मोडल्याबद्दल त्या बापड्याला काय बोलायचं? कुणी सोबतीला बसलं तर बसलं. तिनं कॉल बंद केला. रिक्षात बसून कामतघरचं वळण आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आज जान्याकाकांनी माणूस मागितलाच नाही.

४

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“काका, फोन कुणी धरलाय?”

“तुमी धाडला न, त्यानं,” जान्या म्हणाला. चेहरा इतका खुशीत की तिला त्याच्याकडे बघवेना. “परवा आला. तुमी बोललाव निघालाय, म्या म्हनलं आता काय येतो. तं आला. गल्लीच्या तोंडाशी हुबा. म्या हात केला तवा आत आला.”

“नाव काय त्याचं?”

जान्यानं कॅमेऱ्याच्या थोडं वर पाहिलं. समोरच्या उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. “नाव न्हाय सांगत. बोलतच न्हाय तो. ऐकतो मातर लई. म्या दिसभर बोलतो, तो ऐकतो. फोन धरायची हौस त्याला.”

“कपडे? युनिफॉर्म आहे?”

“हाय की. आपलाच.”

तिनं सांगितलं, मला जरा त्यांचा चेहरा दाखवा, हजेरी लावायची आहे. जान्या वर बघत हसला आणि म्हणाला, दाखव रं तोंड, म्याडम बोलवतात. चित्र जागचं हललं नाही. वर, खाली, वर, खाली.

“लाजतो,” जान्या म्हणाला.

तिनं लगेच नरेंद्रला फोन लावला. तो वाशिंदच्या साइटवर होता, मागून क्रेनचा आवाज येत होता. कशेळीला दुसरा माणूस दिला का, या प्रश्नावर तो हसतच सुटला. मेन गेटला माणूस नाही आणि त्या भूतबंगल्याला दोन देऊ? कुठला बेवडा घुसला असेल, जान्याला सांग हाकलून दे, पार्टीनं बघितलं तर जान्याची नोकरी जाईल. मी संध्याकाळनंतर बघतो. भूतबंगला हा शब्द त्यानं आपला सहज वापरला होता, हे तिला कळत होतं. तरी फोन ठेवल्यावर तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

बेवडा. बरोबर. बेवड्याला युनिफॉर्म कुठून मिळतो? मिळतो, जुन्या बाजारात काय मिळत नाही. बेवडा दिवसभर गप्प बसतो का? बसतही असेल. दिवसभर फोन धरून त्याचा हात एकदाही थरथरत नाही? 

५

उतरत्या दुपारी वीज गेली. नाक्याच्या अलीकडचे पलीकडचे सगळे माग एकदम थांबले. भिवंडीत अशी शांतता पडली की माणसं बोलतानाही आवाज खाली घेतात. इन्व्हर्टरवर संगणक तेवढा चालू राहिला आणि त्यावर जान्याची चौकट. आज ती तिनं बंदच केली नव्हती.

जान्या लांब शटरपाशी उकिडवा बसून पान्यानं कसलासा बोल्ट आवळत होता. त्याच्या पान्याची खुटखुट बारीक येत होती. आणि त्याच्या अलीकडे, अगदी स्पीकरच्या जाळीला लागून, कुणीतरी श्वास घेत होतं.

आपलाच असेल, म्हणून तिनं श्वास रोखला. तो चालू राहिला. इतका वेळ मागांच्या खटखटीत तो ऐकूच आला नव्हता.

आता काय करायचं ते तिला कळत होतं आणि कसं करायचं ते कळत नव्हतं. जान्याला तिथून काढायला हवं होतं. पण जान्याशी बोलायचा एकच फोन, आणि तो त्या दुसऱ्याच्या हातात. जान्याला सांगायचं ते आधी त्याला ऐकू जाणार. पळा म्हणावं तर कुणाचे पाय आधी हलतील? तिला जान्याची बायको आठवली, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, उकडलेली कंदमुळं आठवली, आणि आपल्या तोंडून गेलेला तो एक शब्द.

कशेळीत नवे ट्रकवाले नेहमी चुकायचे. मग गार्डनं हमरस्त्यापर्यंत जाऊन गाडी गल्लीत आणायची, ही रीत होती. फक्त एकटा गार्ड असेल तर त्यानं जागा सोडायची नाही. तिनं घसा साफ केला आणि रोजच्या, कंटाळलेल्या आवाजात हाक मारली.

“जान्याकाका, मालकांची गाडी येतेय. ड्रायव्हर नवा आहे. तुम्ही रस्त्यावर टपरीपाशी जाऊन थांबा.”

“पन हिथं कोन?”

“आता दोघं आहात ना. ते बसतील. फोनही त्यांच्याकडेच राहू दे.”

जान्याला ते लगेच पटलं. जागा सोडून जाता येतं, मागं आपला माणूस आहे, याचा त्याला केवढा तरी आनंद झालेला दिसला. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले, कॅमेऱ्यापाशी आला आणि वर बघून हळू काहीतरी बोलला. थोडं थांबला. पुन्हा काही बोलला. मग फाटकातून बाहेर पडला. गल्लीतून त्याची पाठ लहान होत गेली आणि वळणावर नाहीशी झाली. चित्र शेवटपर्यंत त्याच्यावर रोखलेलं होतं, पण फाटकाबाहेर गेलं नाही.

मग त्यानं गोल मारला.

कुणी सांगितलं नव्हतं. सावकाश, नियमाप्रमाणे. निळं पिंप. रिकामी खुर्ची. भिंत. शटर, खाली पाना. पुन्हा भिंत. फाटक. इतका सफाईदार गोल एकाही गार्डनं कधी मारला नव्हता. गोल पुरा झाला आणि मग, जे आधी करायचं असतं ते त्यानं शेवटी केलं. चित्र उलटून त्याच्या स्वतःकडे वळलं.

आधी टोपीची कड दिसली. वरिष्ठांपुढे मान झुकवावी तशी खाली झुकलेली. खाली सदऱ्याची कॉलर, वरचं बटण लावलेलं. टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये जे होतं त्याच्याकडे धम्मदिनानं पापणी मिटायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं. त्यातून पाठीमागच्या भिंतीचा गिलावा दिसत होता की तो गिलाव्यासारखा दिसत होता, हे तिला ठरवता आलं नाही. डोळे उघडले तेव्हा चौकटीत पुन्हा फाटक होतं.

६

जान्याचा फोन टपरीवाल्याच्या मोबाइलवरून आला. गाडी न्हाय आली म्याडम, म्हणत होता. मागं ट्रकांचे हॉर्न, माणसांची बोलणी, कपबशा. ते आवाज ऐकून तिला रडू फुटलं. ती म्हणाली, काका, तिकडे परत जायचं नाही. मिळेल ती गाडी पकडा आणि घरी जा. आणि मग तिनं सांगून टाकलं.

“मी कुणालाच पाठवलं नव्हतं. मी खोटं बोलले होते.”



“मंग म्या कोनासंगं बोलत व्हतो?” जान्या म्हणाला. रागावलेला नव्हता. एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. मग त्याचा आवाज आणखी उतरला. “म्याडम, निगताना तो बोलला. पयल्यांदाच. इचारलं, माजी फुडली ड्युटी कुटं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्या काय सांगनार. म्हनलं, म्याडम सांगतील. लई चांगल्या हायत, कोनाला न्हाय बोलत न्हाय.”

फोन कटला.

दिवसपाळी संपायची वेळ झाली होती. नरेंद्र फोन उचलत नव्हता. पडद्यावर एकेक चौकट उमटायला लागली, ओमकार, ठकीबाई, बाकीचे, आणि त्या सगळ्यांत कशेळीचं फाटक. ती चौकट तिनं काढून टाकली. ती परत आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. संगणकच बंद करावा, असं मनात आलं. पण मग हे सगळे नरेंद्रला फोन लावतील आणि तो कधीतरी उचलेल आणि तोच शब्द बोलेल.

ठकीबाईनं गोल मारला, मग खांद्याला पिशवी अडकवत विचारलं, “म्याडम, माजी बदली कवा येते? वाड्याची शेवटची जीप जाईल. पोरं येकटी हायत घरी. काल बी आली न्हाय बदली.”

कशेळीच्या चौकटीतलं वर-खाली थांबलं. श्वास धरून कुणी ऐकावं तसं.

शब्द जिभेवर आलाच होता. रोजचा, गुळगुळीत. ठकीबाईचं फाटक खूप लांब आहे आणि तिथं संध्याकाळी कुणी नसतं, एवढंच धम्मदिनाच्या मनात आलं, आणि तिनं दातांनी जीभ चावली.

“नाही येणार,” ती म्हणाली. “ठकीबाई, कुणीही निघालेलं नाही. माणूस नाहीच आहे. काल पण नव्हता. तुम्ही घरी जा.”

सगळ्या चौकटींतली तोंडं तिच्याकडे वळली. मग एकच गलका उठला. ओमकारनं विचारलं, माझा? तुझाही नाही. माझा? नाही. आधी सांगायचं न बाय, ठकीबाई म्हणाली, उन्हातान्हात गल्लीकडं बघत बसवलंव आमाला. एकजण हिंदीत शिवी हासडून उठला. कुणी म्हणालं, रोज खोटं बोलत होती आणि वर गोड आवाजात. तिनं सगळं ऐकून घेतलं. प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला तिनं तेच उत्तर दिलं, आवाज फाटेपर्यंत, जेणेकरून ऐकणाऱ्या कुणाच्याही मनात शंका राहू नये.

ठकीबाईची चौकट पहिली विझली. मग ओमकारची. मग एकेक करत सगळ्यांची, संतापानं. माणसं फाटकं सोडून घरी निघाली होती. वाड्याची जीप ठकीबाईला मिळेल, तिला वाटलं, आणि छाती हलकी झाली. शेवटच्या गार्डनं तिच्याशी काही न बोलता फोन ठेवला.

कॉलवर दोघंच उरली की चौकट आपोआप मोठी होते. जान्याकाकांची रोज व्हायची, म्हणून त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. कशेळीचं फाटक पसरत गेलं आणि पडद्याच्या चारही कडांना जाऊन भिडलं. बाहेर अजून वीज आलेली नव्हती. खोलीतला सगळा उजेड आता त्या फाटकाचाच होता.

तिनं सगळ्यांना उत्तर दिलं होतं. एकाला सोडून, ज्यानं पुढची ड्युटी विचारली होती.

त्याला कसलीही घाई नव्हती. चित्र पुन्हा हलायला लागलं, अंमळ वर, अंमळ खाली. मग पलीकडे कुणीतरी, वरिष्ठांशी बोलण्याआधी खाकरावं तसं, अदबीनं घसा साफ केला.